लाकडी डेक धुताना : जोर पाण्याचा नको, क्लीनरचा हवा

मे महिना उजाडला की न्यू जर्सीतल्या मराठी घरांतही मागच्या डेकचा विषय निघतो. हिवाळाभर बर्फाखाली राहिलेल्या फळ्या करड्या पडलेल्या असतात, सावलीतले कोपरे हिरवट झालेले असतात. शेजाऱ्याचा प्रेशर वॉशर आणायचा आणि दणकून पाणी मारायचं, हा सर्वमान्य उपाय. डेकची नासाडी बहुतेक वेळा याच उपायाने होते.

मुळात फळी करडी पडली म्हणजे कुजली, हेच खरं नाही. लाकडाचे तंतू लिग्निनने एकमेकांना धरून असतात. उन्हातले अतिनील किरण वरच्या थरातलं लिग्निन मोडतात, पाऊस ते धुऊन नेतो आणि मागे करडे तंतू उरतात. खालचं लाकूड शाबूत असतं. शंका असेल तर स्क्रूड्रायव्हरचं टोक फळीत दाबून पाहा. सहज आत शिरलं तर ती कुजली. मग धुण्यात अर्थ नाही, बदलायलाच हवी.

दाब जितका जास्त तितकी सफाई चांगली, हा समज तर सगळ्यात महागात पडतो. घरगुती इलेक्ट्रिक वॉशर साधारण 1500 ते 2000 पीएसआयचे असतात, इंजिनवाले त्याहून जोरकस. पाइन किंवा सीडरच्या मऊ फळ्यांना 500-600 पुरतात. प्रत्येक फळीत फिकट, मऊ पट्टे आणि गडद, टणक रेघा आलटून पालटून असतात. जोराचा झोत मऊ पट्टे कोरून काढतो आणि रेघा वर उरतात. ओली असेपर्यंत फळी अगदी नवी दिसते, सगळे खूश! वाळली की तिच्यावर बारीक लव उभी राहते. अनवाणी पोरांच्या पायात कुसळं जातात ती इथूनच. मग सँडर घेऊन गुडघ्यांवर बसा.

मळ आणि बुरशी सुटते ती क्लीनरने. सोडियम परकार्बोनेटची पावडर पाण्यात विरघळली की त्यातून हायड्रोजन पेरॉक्साइड आणि धुण्याचा सोडा सुटतो. ढगाळ दिवस बघून हे पाणी ओल्या फळ्यांवर पसरा, पंधराएक मिनिटं सुकू देऊ नका, ब्रशने घासा आणि बागेच्या नळीने धुऊन टाका. बऱ्याच डेकना एवढंच पुरतं. खिळ्यांभोवतीचे काळे डाग ऑक्झॅलिक अ‍ॅसिडने जातात. कपड्यांचं क्लोरीन ब्लीच मात्र नको. बुरशी मरते, पण तंतू कमजोर होतात, स्क्रू गंजतात, कडेची झाडं जळतात. शिवाय ते अ‍ॅसिडमध्ये मिसळलं तर विषारी क्लोरीन वायू सुटतो.

वॉशर वापरायचाच असेल तर पांढरं (40 अंश) किंवा हिरवं (25 अंश) नोझल लावा. लाल, म्हणजे शून्य अंशाच्या नोझलला डेकवर कामच नाही. फळीपासून निदान फूटभर लांब राहा, रेषांच्या दिशेनेच चला. डेक घराला जिथे जोडला आहे त्या सांध्यात झोत मारू नका; तिथे शिरलेलं पाणी लवकर वाळत नाही. झोत कातडीत घुसला तर जखम टाचणीएवढी दिसली तरी तडक इमर्जन्सीत जा.

‘आमचं लाकूड प्रेशर ट्रीटेड आहे, त्याला काही लागत नाही’ हेही नेहमी ऐकू येतं. ती प्रक्रिया वाळवी आणि कुजण्यापासून वाचवते, ऊन-पावसाने तडकण्यापासून नाही. अमेरिकेत 2003 अखेरपर्यंत घरगुती बांधकामाच्या अशा लाकडात आर्सेनिक असे. तुमचा डेक त्याआधीचा असेल तर त्याला सँडर लावू नका, त्याचे तुकडे जाळू नका. वर रंगाचा जाड थरही देऊ नये, तो पुढे पोपडे धरतो. आत मुरणारा स्टेन बरा, आणि तोही धुतल्यावर निदान दोन कोरडे दिवस गेल्यावर.

दरवर्षी स्टेन लावण्याचीही गरज नसते. कोरड्या फळीवर थोडं पाणी शिंपडून बघा. थेंब वरच राहिले तर यंदा नुसता झाडू मारा आणि फटींतला पाचोळा काढा. लगेच मुरले तर स्टेन आणा.