यकृताच्या वेशीवरचा दाब आणि प्रयोगशाळेतील प्राणी

जठर, आतडी आणि प्लीहा, म्हणजे बोलीतील पानथरी, यांतून निघणारे रक्त थेट हृदयाकडे न जाता पोर्टल शिरेवाटे आधी यकृतात शिरते. या वाटेत अडथळा आला की शिरेतील दाब वाढतो, रक्त आडवाटांनी हृदय गाठू लागते आणि अन्ननलिकेच्या खालच्या टोकाशी असलेल्या नाजूक शिरा फुगतात. त्या फुटल्या, तर रक्ताची मोठी उलटी होते. या विकाराला पोर्टल हायपरटेन्शन म्हणतात. दंडाला पट्टा बांधून मोजल्या जाणाऱ्या रक्तदाबाशी त्याचा संबंध नाही. यकृताच्या अलीकडील आणि पलीकडील शिरांमधील दाबाचा फरक एरवी पाऱ्याच्या 5 मिलिमीटरपर्यंत असतो. सिरॉसिसमध्ये, म्हणजे यकृत व्रणांनी कठीण होते तेव्हा, तो 12 च्या पुढे गेला की रक्तस्रावाचा धोका खरा मानला जातो.

उल्हासनगर, अंबरनाथ किंवा बदलापूरहून असा रुग्ण शीव वा परळच्या मोठ्या रुग्णालयात आणला जातो, तेव्हा पहिला संशय दारूवर जातो आणि रुग्ण कधीही न पिणारा असेल, तर घरचे गोंधळून जातात. सिरॉसिस हे या विकाराचे एक कारण असले, तरी एकमेव नव्हे. भारतात पोर्टल शीरच गुठळीने बंद झालेली मुले आणि यकृताचे काम जवळजवळ शाबूत असूनही दाब वाढलेले तरुण यांची संख्या लक्षणीय आहे. प्राण्यांवरील प्रयोगांचा इतिहास या दुसऱ्या प्रकाराकडे बराच उशिरा वळला.

1877 साली रशियन शल्यवैद्य निकोलाय एक यांनी आठ कुत्र्यांमध्ये पोर्टल शीर खालच्या महाशिरेला जोडून रक्त यकृताला वळसा घालून नेले; बहुतेक कुत्री दगावली आणि जगलेले एक काही आठवड्यांनी चक्क पळून गेले. पुढे 1893 मध्ये पावलोव व सहकाऱ्यांना दिसले, की अशी शस्त्रक्रिया झालेल्या कुत्र्यांना मांस खाऊ घातले की त्यांचा तोल जातो, ती बेशुद्ध होतात. 1945 मध्ये अमेरिकेत व्हिपल यांनी हीच जोडणी माणसांवरील उपचार म्हणून रूढ केली, तेव्हा दाब उतरला खरा, पण मेंदूवरील हा परिणाम रुग्णांतही दिसला. कुत्र्यांनी दिलेला इशारा वेळेवर पुरेसा ऐकला गेला नाही, असे म्हणणे भाग आहे.

आज सर्वाधिक वापर पांढऱ्या उंदराचा होतो. पोर्टल शिरेलगत एक बोथट सुई ठेवून दोघींभोवती दोरा आवळतात आणि सुई काढून घेतात, म्हणजे शीर पूर्ण बंद न होता सुईच्या जाडीइतकी वाट उरते. ती एकदम पूर्ण बांधली, तर उंदीर लगेच मरतो. दाब तत्काळ वाढतो आणि आठवडाभरात आडवाटा तयार होतात. सिरॉसिस हवा असेल, तर पित्तनलिका बांधून सुमारे चार आठवडे थांबतात किंवा कार्बन टेट्राक्लोराइड हे द्रावक काही आठवडे देतात.

परंतु यांपैकी कोणतीही पद्धत शाबूत यकृतातील वाढीव दाबाचे मूळ सांगत नाही. बालपणी नाळेवाटे किंवा आतड्यांवाटे झालेला वारंवारचा जंतुसंसर्ग या विकारामागे असावा, असा भारतीय डॉक्टरांचा तर्क होता. तो तपासण्यासाठी दिल्लीच्या गोविंद वल्लभ पंत रुग्णालयातील डॉ. शिवकुमार सरीन यांच्या गटाने सशांच्या जठर-प्लीहेकडील शिरेत नळी बसवून ई. कोलाय जंतू पुन्हा पुन्हा सोडले; दाब वाढला, प्लीहा मोठी झाली, मात्र सिरॉसिस झाला नाही. 2004 मध्ये प्रसिद्ध झालेले हे काम कुत्रा-उंदरांच्या लांबलचक यादीत एक ओळ भरते, पण भारतीय रुग्णाच्या दृष्टीने ती ओळ मोलाची आहे.

असे प्रयोग 1960 चा प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायदा आणि 1998 चे नियम यांच्या चौकटीतच, संस्थेच्या प्राणी-नीती समितीच्या मंजुरीने करता येतात. तरीही एक उणीव कायम आहे: उंदराच्या अन्ननलिकेतील शिरा माणसासारख्या फुगून आपोआप फुटत नाहीत. त्यामुळे दाब उतरवणारे औषध उंदरात कितीही यशस्वी ठरले, तरी ते रक्तस्राव थांबवते की नाही, याचा निवाडा अखेर रुग्णांवरील चाचण्यांतच होतो.