तिसऱ्या घंटेनंतर

तीस वर्षं नाटकात काढूनही तिसरी घंटा झाली की माझे तळहात गार पडतात. अ‍ॅड्रेनलिन कातडीकडचं रक्त स्नायूंकडे वळवतं. तिथे 'शांत हो' या सल्ल्याचा काय उपयोग? हार्वर्डच्या अ‍ॅलिसन वुड ब्रुक्स यांनी २०१४मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात, गाण्याआधी 'मला हुरूप आलाय' म्हणणारे 'मी घाबरलोय' म्हणणाऱ्यांपेक्षा सरस गायले. धडधड तीच, फक्त नाव वेगळं.

संगीत नाटकात नांदीने जुन्या नटांची भीती अशीच वळणावर येत असावी, असं मला वाटतं. लांब सूर म्हणजे लांब उच्छ्वास, आणि उच्छ्वासात हृदयाचे ठोके मंदावतात. शिवाय पहिला सूर एकट्याचा नसतो. गद्य नाटकात नांदी नाही, म्हणून मी विंगेत ओठ मिटून षड्ज धरते. प्रॉम्प्टर वैतागतो.