विजेतेपदानंतरचा हंगाम

महाविद्यालयीन बास्केटबॉलमध्ये करंडक जिंकण्यापेक्षा तो पुढच्या वर्षी राखणे अवघड ठरते, कारण व्यावसायिक संघासारखा करार येथे नसतो आणि पदवी हाती पडली की खेळाडू निघून जातो. आळंदीतील अभियांत्रिकी महाविद्यालयात अभ्यासक्रम चार वर्षांचा असल्याने विजेत्या संघातील अंतिम वर्षाची मुले पुढच्या हंगामात चाकणच्या एखाद्या कारखान्यात रुजू झालेली असतात, आणि मैदानात उरतात ते बहुधा राखीव बाकावरचे. त्यातही सर्वांत मोठी उणीव भासते ती ‘पॉइंट गार्ड’ची, म्हणजे चेंडू पुढे आणून कोणाला कधी द्यायचा हे ठरवणाऱ्या खेळाडूची; प्रतिस्पर्ध्यांनी दुहेरी पहारा लावताच नवखा गार्ड ड्रिबल थांबवतो, आणि एकदा थांबलेले ड्रिबल नियमाने पुन्हा सुरू करता येत नसल्याने चेंडू घाईने टाकून गमावतो.

अमेरिकेत, जिथे 1939 पासून राष्ट्रीय महाविद्यालयीन स्पर्धा होते, हेच दिसते. फ्लोरिडा विद्यापीठाने 2006 चे विजेतेपद 2007 मध्ये राखले, ते मुख्यतः सुरुवातीचे पाचही खेळाडू परतल्यामुळे. उलट 2014 चा विजेता कनेक्टिकट पुढच्या वर्षी त्या स्पर्धेस पात्रही ठरला नाही. यूसीएलएची 1967 ते 1973 ही सलग सात विजेतेपदे अपवादच म्हणावी लागतील. कनेक्टिकटने 2023 आणि 2024 अशी लागोपाठ बाजी मारली खरी, पण 2025 मध्ये दुसऱ्याच फेरीत त्याला फ्लोरिडाने 77-75 असे हरवले, आणि त्या वर्षीचा करंडकही फ्लोरिडानेच नेला.