इंटरनेट येते-जाते : दोष घरातला की तारेतला?

घरबसल्या व्यवसाय करणाऱ्या अनेक वाचकांची एकच तक्रार असते. इंटरनेट पूर्ण बंद पडले तर निदान कळते तरी. पण ते मध्येच जाते, पाच मिनिटांनी येते, आणि कंपनीचा माणूस घरी पोहोचतो तेव्हा नेमके सुरळीत चालू असते! आमच्या परिचयाचे एक गृहस्थ घरातूनच शालेय गणवेशांच्या ऑर्डरी घेतात. जूनच्या ऐन हंगामात त्यांचे कनेक्शन दिवसातून सात-आठ वेळा तुटू लागले, ग्राहक दुसरीकडे वळू लागले. त्यांनी घाईने जास्त वेगाचा महागडा प्लॅन घेतला. फरक काहीच पडला नाही, कारण दोष वेगाचा नव्हताच.

म्हणून पैसे खर्च करण्यापूर्वी दोष कोठे आहे ते ठरवावे. यासाठी लॅपटॉप लॅन केबलने थेट राउटरला जोडून दिवसभर काम करून पाहावे. केबलवर सुरळीत आणि मोबाइलवर तुटत असेल, तर दोष वाय-फायचा समजावा. केबलवरही तुटत असेल, तर तो राउटर, वीज किंवा बाहेरच्या तारेचा असतो.

वाय-फायचा उपाय बहुधा फुकटचा असतो. राउटर लोखंडी कपाटामागे वा टीव्हीच्या मागे ठेवू नये. दाट वस्तीच्या इमारतीत २.४ गिगाहर्ट्झवर सर्व शेजाऱ्यांची गर्दी असते. मायक्रोवेव्ह ओव्हनही त्याच पट्ट्यात अडथळा आणतो. त्याच खोलीत काम असेल तर ५ गिगाहर्ट्झ वापरावा. मात्र तो भिंतीपलीकडे लवकर क्षीण होतो. २.४ वरच राहायचे तर १, ६ किंवा ११ यांपैकी कमी गर्दीचे चॅनेल निवडावे. हे तीन एकमेकांवर चढत नाहीत.

तारेकडे वळू. फायबरच्या पेटीवर 'एलओएस' नावाचा दिवा असतो. तो लाल झाला म्हणजे बाहेरून प्रकाशच येत नाही. ही तार काचेची असते. कपाटाखाली दबली किंवा तीव्र वळली की प्रकाश गळतो. तंत्रज्ञ आला की मीटर लावून आकडा दाखवण्यास सांगावे. उणे २० डीबीएमच्या आसपास असेल तर चिंता नाही. उणे २७ च्या जवळ असेल तर कनेक्शन कधीही तुटणार, त्या क्षणी चालू असले तरी!

आमच्या गृहस्थांचा दोष मात्र यांपैकी कशातच नव्हता. पेटीवरचे सारे दिवे एकदम विझून पुन्हा लागत. म्हणजे पेटीच बंद पडून नव्याने सुरू होत होती. तिचा अडॅप्टर कमजोर झाला होता. काही शंभर रुपयांत काम झाले. नवा अडॅप्टर घेताना व्होल्ट तेवढेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. इन्व्हर्टर असलेल्या घरीही वीज जाताना क्षणभर खंड पडून असेच घडते. राउटरसाठी मिळणारा छोटा यूपीएस त्यावर उपयोगी पडतो.

दोष कंपनीचा ठरला तर कनेक्शन तुटल्याच्या वेळा व दिव्यांचा रंग वहीत टिपून ठेवावा आणि प्रत्येक तक्रारीचा क्रमांक घ्यावा. दाद मिळाली नाही तर त्याच क्रमांकावर कंपनीच्या अपील प्राधिकाऱ्याकडे जाता येते. ट्राय वैयक्तिक तक्रारी सोडवत नाही, तेव्हा तेथे अर्ज पाठवून दिवस घालवू नयेत.