आवाज कुणाचा?

एकांकिका स्पर्धेत 'अरे, आवाज कुणाचाऽऽ' ओरडून घसा बसवून घेतलेल्यांपैकी मीही एक. हल्ली ऑफिसच्या कॉलसाठी हेडफोन लावला की हाच प्रश्न मला वेगळ्याच अर्थाने पडतो. नेटवरून जाताना आपला आवाज ज्या सूत्राने लहान होतो, ते सूत्र कुणाच्या मालकीचं?

त्या सूत्राला म्हणतात कोडेक. तो आपलं बोलणं साधारण 20-20 मिलिसेकंदांच्या तुकड्यांत कापतो, दाबून बसवतो आणि पलीकडे पुन्हा उलगडतो. टेलिफोनवाल्यांचा 1972 सालचा जी.711 सेकंदाला 64 किलोबिट खायचा. डायल-अप मोडेमची मजल जास्तीत जास्त 56 ची. म्हणजे गाडीच रस्त्यापेक्षा रुंद! जी.729 ने तेच काम 8 किलोबिटमध्ये केलं खरं, पण त्यावर पेटंटं होती. वापरायचा तर लायसन्सची फी भरा. मोठ्या कंपन्यांना ते परवडायचं. पण हॉस्टेलच्या खोलीत बसून कॉलिंगचं सॉफ्टवेअर लिहायचं आणि ते जगाला फुकट वाटायचं, असा उद्योग करणाऱ्या पोराने नेमक्या किती कॉपींचे पैसे भरायचे? किती जणांनी डाउनलोड केलं, हे त्याला स्वतःलाच माहीत नसायचं.

आपल्याकडे इंटरनेट टेलिफोनीला परवानगी मिळाली 1 एप्रिल 2002 ला. (एप्रिल फूल नव्हतं ते.) त्याच वर्षी कॅनडाच्या ज्याँ-मार्क व्हालिनने स्पीक्स हा कोडेक लिहायला घेतला. झिफ.ऑर्ग या संस्थेच्या छताखाली 2003 मध्ये त्याची पहिली पक्की आवृत्ती आली. पेटंटची भानगड नाही, सोर्स कोड सगळ्यांसमोर, आणि धंद्यात वापरलात तरी कुणी बिल पाठवणार नाही.

फुकट म्हणून कामचलाऊ? अजिबात नाही. जुना फोन 3400 हर्ट्झच्या वरचं सगळं कापून टाकतो आणि 'स'चा सिसकारा तर बराचसा त्याच्याही वर असतो. म्हणून तर आपण फोनवर नाव सांगताना 'एस फॉर सांगली' करत बसतो! स्पीक्समध्ये वाइडबँडची सोय होती, त्यामुळे 'स' हा 'स'च ऐकू यायचा.

पुढे गंमतच झाली. स्काइपकडे स्वतःचा सिल्क नावाचा कोडेक होता. तो आणि झिफवाल्यांचा सेल्ट यांची मोट बांधून सप्टेंबर 2012 मध्ये ओपस हे खुलं स्टँडर्ड जाहीर झालं. तो 6 किलोबिटपासून 510 पर्यंत कुठेही जुळवून घेतो. नेट रडत असेल, तर मागच्या तुकड्याची बारीकशी नक्कल पुढच्या तुकड्यासोबत पाठवण्याची सोयही त्यात आहे. एखादा तुकडा वाटेत हरवला तरी वाक्य निभावून जातं. स्पीक्सच्या कर्त्यांनी तर स्वतःच सांगून टाकलं, आता आमचं सोडा, ओपस वापरा. असा दिलदारपणा आपल्या अप्रेझलच्या सीझनमध्ये कधी बघितलाय?

2016 च्या वेबआरटीसीच्या नियमांनुसार ब्राउझरमधून कॉल करायचा, तर ओपस असायलाच हवा. मे 2025 मध्ये स्काइप बंद पडलं, पण त्याचा सिल्क ओपसच्या पोटात अजून रोज बोलतोय. अँड्रॉइड फोनवर व्हॉट्सअ‍ॅपच्या व्हॉइस नोट्सचं फोल्डर उघडून बघा. आईने पाठवलेल्या पाऊण मिनिटाच्या सूचनांच्या फाइलनेमला 'ओपस'चंच शेपूट दिसेल.