विश्लेषण : ऑनलाइन बैठकीत स्वतःचाच आवाज परत का येतो? ‘इको कॅन्सलर’ निवडताना काय पाहावे?

ऑनलाइन बैठकीत आपलाच आवाज क्षणभराने परत ऐकू येऊ लागला, की बोलणारा आधी स्वतःचा माईक, मग इंटरनेट तपासतो. दोष बहुतेक वेळा तिथे नसतोच. पुण्यातून बोलणाऱ्याला ऐकू येणारा प्रतिध्वनी नागपूरच्या सभागृहात तयार झालेला असतो. पुण्याचा आवाज तिथल्या स्पीकरमधून बाहेर पडतो, तिथल्याच माईकमध्ये शिरतो आणि परत येतो. नागपूरकरांना मात्र सगळे ठणठणीत ऐकू येत असते. खरेदीतली खरी अडचण हीच आहे. उपकरण ज्याने घ्यायचे त्याला त्रास होत नाही आणि ज्याला त्रास होतो त्याला खरेदीत कुणी विचारत नाही.

हे तंत्र नेमके करते काय?

जुन्या स्पीकरफोनचा उपाय सोपा होता. समोरचा बोलू लागला की आपला माईक दाबून टाकायचा. प्रतिध्वनी जातो, पण मध्येच म्हटलेले ‘हो’, ‘थांबा’, ‘एक मिनिट’ हेही पोहोचत नाही. चर्चेऐवजी आळीपाळीने भाषणे होतात.

इको कॅन्सलर माईक बंद करत नाही, वजाबाकी करतो. स्पीकरला कोणता आवाज पाठवला हे त्याला ठाऊक असते. तो आवाज खोलीत फिरून माईकपर्यंत कसा बदलून पोहोचेल याचा तो सतत अंदाज बांधतो आणि तेवढा भाग माईकच्या आवाजातून वजा करतो. उरतो तो खोलीतल्या माणसाचा आवाज.

या कल्पनेची मुळे १९६० च्या दशकात अमेरिकेतील बेल लॅब्जमध्ये आहेत. सुमारे ३६ हजार किलोमीटर उंचीवरील उपग्रहामार्गे बोलताना प्रतिध्वनी अर्ध्या सेकंदाहून अधिक उशिराने परतत असे आणि बोलणे अशक्य होई. स्वतः शिकत जाणाऱ्या इको कॅन्सलरवरील भारतात जन्मलेले संशोधक मनमोहन सोंधी यांचा शोधनिबंध १९६७ मध्ये प्रसिद्ध झाला. ती लढाई टेलिफोनच्या तारांतील प्रतिध्वनीशी होती. खोलीतील प्रतिध्वनी त्याहून हट्टी. कुणी उठून उभे राहिले, दार उघडले, माईक हातभर सरकवला, तरी आधीचा अंदाज चुकतो.

माहितीपत्रकातील कोणते आकडे पाहावेत?

पहिला आकडा ‘टेल लेंग्थ’चा, म्हणजे किती जुन्या प्रतिध्वनीपर्यंत यंत्र माग काढू शकते. आवाजाचा वेग सेकंदाला सुमारे ३४३ मीटर. पाच मीटरवरच्या भिंतीला आपटून परत यायला त्याला साधारण २९ मिलिसेकंद लागतात. पण तो एकदाच आपटून थांबत नाही. फरशी, काचेचे पार्टिशन आणि उघड्या भिंती असलेल्या सभागृहात तो काहीशे मिलिसेकंद घुमत राहतो. लहान केबिनला कमी टेल चालते, सभागृहासाठी २०० मिलिसेकंदांहून कमी असेल तर विचार करावा. (महागडे यंत्र घेण्याआधी पडदे आणि गालिचा टाकून पाहायलाही हरकत नाही.)

दुसरा आकडा प्रतिध्वनी किती डेसिबलने घटतो याचा. २० डेसिबल म्हणजे प्रतिध्वनीची शक्ती शंभराव्या भागावर, ३० म्हणजे हजाराव्या भागावर. जाहिरातीत हाच आकडा ठळक असतो आणि सर्वाधिक फसवतोही हाच. माईक सरळ बंद करणारे यंत्रसुद्धा इथे उत्तम गुण मिळवेल. दोन्हीकडचे एकाच वेळी बोलताना काय होते, हे त्या आकड्यात दिसत नाही.

‘जी.१६८’ या आंतरराष्ट्रीय मानकाचा उल्लेख दिसला तरी भुलू नये. ते मानक टेलिफोन जाळ्यातील प्रतिध्वनीसाठी आहे, खोलीतील प्रतिध्वनीसाठी नाही.

स्वस्त स्पीकर महाग का पडतो?

वजाबाकीचे हे गणित स्पीकर प्रामाणिक आहे असे धरून चालते. छोटा स्पीकर पूर्ण आवाजावर फाटू लागला, की त्यातून मूळ आवाजात नसलेले ध्वनी निघतात. ते यंत्राला ओळखताच येत नाहीत. मग उरलेला प्रतिध्वनी दाबण्यासाठी माईकचाच आवाज कापला जातो आणि बोलणाऱ्याचे शब्द गिळले जातात.

स्पीकर टीव्हीचा आणि माईक वेगळा यूएसबीचा, ही जुळणी अनेक कार्यालयांत दिसते. दोघांची अंतर्गत घड्याळे वेगळी असतात. सेकंदाला आवाजाचे १६ हजार नमुने घेताना एका नमुन्याचाही फरक पडला, तर दहा मिनिटांत तो ६०० नमुने, म्हणजे जवळपास ३८ मिलिसेकंद होतो. बैठक सुरुवातीला छान चालते आणि मग बिघडते, त्यामागे अनेकदा हेच कारण असते. माईक आणि स्पीकर एकाच पेटीत असलेले उपकरण इथे सरस ठरते.

सॉफ्टवेअर पुरेसे नाही का?

एका लॅपटॉपसमोर एक-दोघे बसणार असतील तर पुरेसे आहे. गूगलने २०११ मध्ये खुल्या केलेल्या ‘वेबआरटीसी’मध्ये इको कॅन्सलर आहे आणि क्रोममधील बैठकींत तो वापरला जातो. अँड्रॉइडमध्येही २०१२ च्या ४.१ आवृत्तीपासून ॲप्सना ही सोय उपलब्ध आहे, पण प्रत्यक्ष दर्जा फोनवर अवलंबून असतो. अलीकडे न्यूरल नेटवर्कची जोड मिळाली आहे. मायक्रोसॉफ्टने २०२१ पासून त्यासाठी स्पर्धाही घेतल्या.

अनेक माईक असलेल्या सभागृहाला मात्र स्वतंत्र यंत्र हवे, तेही प्रत्येक माईकसाठी वेगळा कॅन्सलर असलेले. सगळे माईक मिक्सरमध्ये एकत्र करून पुढे एकच कॅन्सलर लावला, तर एखादा माईक चालू-बंद होताच त्याला सगळे पुन्हा शिकावे लागते. एकाच खोलीत दोन लॅपटॉपवरून आवाज चालू ठेवून बैठकीत बसणे तर साध्या इको कॅन्सलरला झेपत नाही.

चाचणी कशी घ्यावी?

विक्रेत्याच्या दालनात नव्हे, स्वतःच्या सभागृहात, स्पीकर नेहमीच्या सर्वाधिक आवाजावर ठेवून. एका सहकाऱ्याला हेडफोन लावून दुसऱ्या ठिकाणाहून जोडून घ्यावे. आधी सभागृहात सर्वांनी गप्प राहावे आणि बाहेरच्याने आकडे मोजावेत. पहिले काही सेकंद स्वतःचा आवाज ऐकू आला तर चालेल, यंत्र शिकत असते. नंतरही येत राहिला तर नाही. मग बाहेरचा आकडे मोजत असतानाच सभागृहातील एकाने वर्तमानपत्र वाचावे. वाचलेले शब्द तुटतात का, हे बाहेरच्याने टिपावे. शेवटी माईक हलवून, दार उघडून हेच पुन्हा करावे आणि अर्धा तास जोडणी तशीच चालू ठेवावी. सभागृहात बसलेल्यांचा अभिप्राय या चाचणीत कामाचा नाही. ऑर्डर देण्याआधी हेडफोनवाल्या सहकाऱ्याने काय टिपले ते पाहावे.