घड्याळातील नाडी आणि हाताची नाडी

दूरगावी किंवा परदेशी राहणारी मुले आईवडिलांसाठी हल्ली नाडी मोजणारे घड्याळ आवर्जून पाठवतात. हेतू चांगलाच असतो. परंतु पहिल्या आठवड्यातच ते घड्याळ कधी ४८ तर कधी १४० असा आकडा दाखवू लागते आणि घरात धांदल उडते. अशा वेळी दोष घड्याळाचा, ते बांधण्याच्या पद्धतीचा की हृदयाचा, हे आधी ओळखावे लागते.

घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश लुकलुकताना आपण पाहिला असेल. रक्त हिरवा प्रकाश शोषून घेते. प्रत्येक ठोक्याबरोबर त्वचेखालील बारीक रक्तवाहिन्यांत रक्त वाढते, तेव्हा परतणारा प्रकाश किंचित घटतो. हा चढउतार मोजून घड्याळ आकडा काढते. म्हणजेच ते ठोका ऐकत नाही, केवळ प्रकाश पाहते. प्रकाश आणि रक्त यांच्यामध्ये जे काही आड येईल, ते आकडा बिघडवते.

उतारवयात मनगट बारीक होते, त्वचा सैल पडते, आणि बाजूने उजेड आत शिरतो. घड्याळ मनगटाच्या हाडावर न बांधता बोटभर वर, कोपराच्या दिशेला बांधावे. हात हलवला तरी ते सरकू नये. मात्र काढल्यावर खोल वळ उमटता कामा नये. बांगड्या घड्याळाला सतत ढकलत असतील, तर हात बदलावा. आपल्याकडील अनेक आजींच्या हातावर गोंदण असते. त्याचा गडद रंग प्रकाश अडवतो, तेव्हा तिथेही दुसरा हातच बरा. तेल किंवा मलम लावले असल्यास त्वचा पुसावी, काचही मऊ ओलसर कापडाने पुसून कोरडी करावी. थंडीत हात गार पडले की त्वचेतील रक्तप्रवाह मंदावतो. हात चोळून, थोडे चालून मग आकडा पाहावा.

चालतानाची एक चूक मात्र फसवी असते. माझ्याकडे येणारे सत्तरीतले एक गृहस्थ रोजच्या फेरीत नाडी ११० च्या पुढे जाते म्हणून फिरणेच सोडण्याच्या बेतात होते. दम नाही, छातीत दुखणे नाही. त्यांना मिनिटभर पावले मोजायला सांगितली, तेव्हा तीही तेवढीच भरली! सैल घड्याळ हाताच्या हेलकाव्यालाच नाडी समजत होते. आपणही हे ताडून पाहावे. थांबल्याबरोबर आकडा एकदम कोसळला, तर तो बहुधा पावलांचा होता. खरी नाडी हळूहळू उतरते. फेरीपूर्वी पट्टा एक घर आवळणे हा यावरचा साधा उपाय. काठी धरणाऱ्यांनी घड्याळ मोकळ्या हातात बांधावे. वॉकर वापरणाऱ्यांचे दोन्ही पंजे आवळलेले असतात, त्यांनी बसूनच मोजावे.

छातीच्या पट्ट्याची तऱ्हा निराळी. तो हृदयाचे विद्युत संकेत टिपतो, म्हणून त्याचे त्वचेला टेकणारे भाग पाण्याने ओले करूनच बांधावेत. कोरडा पट्टा हे त्याच्या निम्म्या तक्रारींचे मूळ, असे माझे मत आहे.

हे सारे करूनही आकडा विचित्र येत असेल, तर घड्याळ बाजूला ठेवून हाताने नाडी पाहावी. पाच मिनिटे शांत बसावे. मनगटाच्या आतील बाजूस, अंगठ्याच्या मुळाखाली, तर्जनी व मध्यमा अलगद टेकवावी. अंगठ्याने पाहू नये, त्याची स्वतःची नाडी घोटाळा करते. पूर्ण ६० सेकंद मोजावे आणि केवळ संख्येकडे नव्हे, लयीकडेही लक्ष द्यावे. विश्रांतीत ६० ते १०० ही सर्वसाधारण मर्यादा. मेटोप्रोलोल, अटेनोलोल यांसारख्या गोळ्यांनी ती खाली राहू शकते. त्या घेणाऱ्यांनी २२० वजा वय हे घड्याळातील गणित स्वतःला लावू नये.

ठोके अनियमित लागले, मध्येच चुकले, तर मात्र घड्याळाला दोष देऊन थांबू नका. मधूनमधून येणारे अकाली ठोके क्षीण असतात. घड्याळ ते गाळून नाडी निम्मीही दाखवू शकते. एट्रियल फिब्रिलेशन या विकारात लयच हरवते, आकडा सतत उड्या मारतो, आणि या विकारात पक्षाघाताचा धोका वाढतो. निदान ईसीजीनेच होते. छातीत दुखणे, धाप, भोवळ किंवा घेरी असेल, तर आकडा कितीही चांगला असो, १०८ ला फोन करावा.

पेसमेकर असलेल्यांनी घड्याळ व त्याचा चुंबकीय चार्जर छातीपासून वीतभर दूर ठेवावा. घड्याळ उशाशी घेऊन झोपू नये. डायलिसिससाठी फिस्टुला केलेल्या हाताला कोणतेच घड्याळ आवळू नये. छातीच्या पट्ट्यातील नाण्यासारखी बॅटरी बदलली, तर जुनी नातवंडांच्या हाती लागू देऊ नका. ती गिळल्यास काही तासांत अन्ननलिका भाजते. मूल हसतखेळत दिसले तरी तडक रुग्णालय गाठावे.

डॉक्टरांकडे येताना एका वहीत चार दिवसांच्या नोंदी आणाव्यात: वेळ, घड्याळाचा आकडा, हाताने मोजलेला आकडा, त्या क्षणी आपण काय करत होता, आणि सुरू असलेल्या गोळ्यांची नावे.